पाठपिशवी उतरवल्यावर : परदेशातल्या सामाईक घराविषयी वाचकांचे प्रश्न

सहा-आठ महिने किंवा वर्षभर पाठीवर पिशवी टाकून फिरायला निघालेली मुलं-मुली आता पणजी-मडगावातच नव्हे, वाड्यावाड्यांवरही दिसू लागली आहेत. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला १,००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा सोडतीने द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे आलेली बरीचशी पत्रं तिकडे किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांची आहेत. तिकीट, विमा, व्हिसा यांबद्दल फारसं कोणी विचारत नाही. हॉस्टेलचे दिवस भरले आणि अनोळखी चौघांच्या घरात एक खोली भाड्याने घ्यायची वेळ आली, की तिथे मात्र सगळ्यांचं अडतं. म्हणून हा सगळा अंक त्याच प्रश्नांना दिला आहे.

मेलबर्नला तीन महिने थांबायचा बेत आहे. गोव्यातूनच खोली ठरवून जाऊ का? एका जाहिरातीतली खोली फार आवडली आहे. मालक सध्या परदेशात आहे, पैसे भरले की चावी कुरियरने पाठवतो म्हणतो. (पर्वरी)

या मालकाला एक पैसाही पाठवू नका. ‘मालक परदेशात, चावी कुरियरने’ हा फसवणुकीचा जुना साचा आहे. फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी घराचे असतात. तो फोटोच इंटरनेटच्या शोधयंत्रात टाकून शोधलात तर मूळ जाहिरात कित्येकदा सापडते.

पहिल्या ५ ते ७ रात्री हॉस्टेलच्या ठरवून जा आणि त्या दिवसांत निदान चार-पाच घरं स्वतः पाहा. जमलं तर संध्याकाळी जा, कारण तेव्हा घरातली बाकीची माणसं भेटतात, आणि तुम्हाला राहायचं आहे ते त्यांच्याबरोबर. तीन महिन्यांसाठी खोली घेणं परवडतं. मुक्काम चार-पाच आठवड्यांहून कमी असेल तर सहसा परवडत नाही, कारण अनामत रकमेत पैसे अडकतात आणि सोडण्याआधी दोन-तीन आठवड्यांची सूचना द्यावी लागते.

भाडं तिकडे आठवड्याचं सांगतात, आणि आपली मुलं त्याला चाराने गुणून महिन्याचा हिशेब धरतात. वर्षात ५२ आठवडे असतात, म्हणून महिना ४ नव्हे, ४.३३ आठवड्यांचा धरा. आठवड्याला २२० डॉलर म्हणजे महिन्याला ८८० नव्हे, ९५३. शिवाय आत शिरताना ४ आठवड्यांची अनामत ८८० आणि २ आठवड्यांचं आगाऊ भाडं ४४०, असे १,३२० डॉलर एकदम लागतात. ही रक्कम हाताशी ठेवूनच शोधायला निघा.

खोली पाहताना गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडून पाहा. खिडकी खरोखर उघडते का ते पाहा. कपाटामागच्या भिंतीला हात लावा आणि वास घ्या. मोबाईलला रेंज त्या खोलीत उभं राहून तपासा, बैठकीच्या खोलीत नको. किती माणसं राहतात, न्हाणीघरं किती, सकाळी कोण किती वाजता निघतं हे विचारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घराचा करार कोणाच्या नावावर आहे हे विचारा. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

‘को-टेनंट’, ‘सब-टेनंट’, ‘लॉजर’ हे सगळं एकच ना? भाडं तर सगळे भरतातच. (म्हापसा)

एकच नाही, आणि सगळा फरक कागदाचा आहे. गोव्यातल्या वाचकाला हे भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्या नात्यावरून चटकन कळेल. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यामुळे भाटकाराला मुंडकाराला मनात येईल तेव्हा घराबाहेर काढता येत नाही, कारण मुंडकाराच्या पाठीशी कायदा उभा आहे. परदेशातल्या सामाईक घरात तुमच्या पाठीशी तसा कायदा आहे की नाही, हे तुम्ही कोणत्या नात्याने राहता त्यावर ठरतं.

मूळ करारावर घरमालकासमोर तुमचंही नाव आणि सही असेल तर तुम्ही सह-भाडेकरू. हक्क पूर्ण, पण जबाबदारीही पूर्ण: एकाने भाडं बुडवलं तर मालक बाकीच्यांकडून वसूल करू शकतो. दोन-तीन महिन्यांच्या पाहुण्याने या भानगडीत शक्यतो पडू नये.

करार दुसऱ्याच्या नावावर आणि तुम्ही त्याच्याकडून खोली घेतली, तर तुम्ही पोटभाडेकरू. फिरस्त्यांपैकी बहुतेक जण याच प्रकारात येतात. इथे दोन कागद मागा. एक, पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी संमती. दोन, मुख्य भाडेकरूबरोबर तुमचा स्वतःचा लेखी करार. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तिथे, मुख्य भाडेकरूबरोबर त्याच घरात राहणाऱ्या पोटभाडेकरूकडे लेखी करार नसेल तर भाडेकरू कायदा त्याला लागूच होत नाही. न्यूझीलंडमध्येही मालकाबरोबरच्या करारावर नाव नसलेला घरसोबती त्या कायद्याबाहेरच असतो. भांडण झालं तर भाडेकरू न्यायाधिकरणाऐवजी डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे (लहानसहान वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जावं लागतं, आणि तिथे आपापसातला लेखी करार हाच तुमचा पुरावा. त्याचा छापील नमुना तिथल्या सरकारच्या ‘टेनन्सी सर्व्हिसेस’ विभागाकडे मिळतो.

घरमालक स्वतः त्याच घरात राहतो आणि तुम्हाला खोली देतो, तेव्हा तुम्ही लॉजर. राहणं बऱ्याचदा सुखाचं, पण हक्क सर्वांत कमी.

अनामत रकमेचं तर नीट समजून घ्याच. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक भागांत आणि न्यूझीलंडमध्ये भाडेकरू कायद्याखाली येणारी अनामत मालकाच्या खिशात राहत नाही, ती सरकारी यंत्रणेकडे जमा करावी लागते. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात (मेलबर्नचं राज्य) कामाच्या १० दिवसांत, न्यूझीलंडमध्ये कामाच्या २३ दिवसांत. जमा झाल्याचा संदेश किंवा पावती थेट तुम्हाला येते. ती आली नाही तर मुदत उलटल्या दिवशीच त्या कार्यालयाला फोन करून विचारा. ‘आपण घरचीच माणसं, कागद कशाला’ असं म्हणत रोख अनामत मागणाऱ्या घरात राहू नका. राहायचंच ठरलं तर निदान पैसे बँकेतून द्या आणि व्यवहाराच्या नोंदीत ‘अनामत, अमुक पत्ता’ एवढं लिहा.

घरात पाय ठेवला त्याच दिवशी खोलीचे फोटो काढा: गालिच्यावरचे डाग, भिंतीवरचे ओरखडे, खिडकीची कडी, गादीच्या दोन्ही बाजू. मग ते स्वतःलाच ई-मेल करा, म्हणजे तारीख पक्की होते. ‘कंडिशन रिपोर्ट’ नावाचा, खोलीची सुरुवातीची स्थिती नोंदवणारा फॉर्म मिळाला तर न्यू साउथ वेल्समध्ये ७ दिवसांत, व्हिक्टोरियात कामाच्या ५ दिवसांत भरून परत द्यायचा असतो. न भरलेला फॉर्म म्हणजे ‘सगळं ठीक होतं’ अशी तुमचीच कबुली.

मुलगी ऑकलंडला चार अनोळखी माणसांच्या घरात राहणार आहे, त्यात दोन मुलगे. मालक पासपोर्टची प्रत मागतो. देऊ दे का? मला झोप लागत नाही. (डिचोली, एक आई)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. तिकडे मुलगे-मुली एका घरात राहणं अगदी रोजचं आहे, त्यावरून घराबद्दल वाईट काही समजू नका. पाहायच्या गोष्टी वेगळ्या. तिच्या खोलीला आतून कडी आणि बाहेरून किल्लीचं कुलूप आहे का? नसेल तर बसवायला परवानगी मिळेल का? सामाईक घरातून चोरी झाली आणि कुलूप फोडल्याची खूण नसली, तर प्रवास विमा कंपन्या सहसा भरपाई नाकारतात, म्हणून कुलूप त्यासाठीही हवं. सगळ्या घरसोबत्यांना भेटल्याशिवाय तिने होकार देऊ नये. आधी तिथे राहून गेलेल्या मुलीचा नंबर मागावा. चांगल्या घरात तो आनंदाने देतात.

पासपोर्टची प्रत मागण्यात गैर नाही. आपल्याकडे हरमल-हणजूणला परदेशी पाहुणा ठेवला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला द्यावीच लागते, सी-फॉर्म म्हणून ती गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत द्यावी, मूळ पासपोर्ट कधीच नाही. प्रतीवर आडवं लिहावं: ‘फक्त अमुक पत्त्यावरील खोलीसाठी’ आणि तारीख, म्हणजे ती दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

पूर्ण पत्ता आणि एका घरसोबत्याचा फोन तुमच्याकडे असू द्या. तातडीसाठी न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपात ११२. तिचं भारतातलं सिम निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंगला लावून घ्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि ते तिकडून सुरू करणं फार त्रासाचं होतं.

आमसुलं, तिरफळं, सुके बांगडे नेऊ का? आणि हुमण, फोडणी, तळलेली मासळी हे सामाईक घरात जमतं का? (फोंडा)

जमतं, पण तिथल्या स्वयंपाकघराची रीत समजून घेऊन.

आधी सामानाचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशपत्रावर जाहीर करायची. ‘थोडीशीच आहे’ म्हणून खूण न करणं हीच चूक. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेली वस्तू सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, दंड नाही. ताजा कढीपत्ता, ताजी फळं, दुधाची मिठाई नेऊ नका. आमसुलं, दळलेला मसाला बंद पाकिटात, नाव लिहून न्या. सुक्या मासळीचा निर्णय तिथला अधिकारी घेईल, ती गेली तर हळहळायचं नाही. चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूट आणि तंबूही जाहीर करावे लागतात, म्हणून ते घरून घासून, वाळवूनच न्या.

आता फोडणी. घराघरात धुराचा अलार्म असतो आणि फोडणीने तो वाजतोच, कारण तेल धुरेपर्यंत तापवायची आपली सवय. पंखा फोडणीच्या पाच मिनिटं आधी सुरू करा, स्वयंपाकघराची खिडकी उघडा, आतलं दार लोटून घ्या. आच मध्यम. मोहरी टाकली की झाकण. तडतड मंदावली की भांडं आचेवरून उतरवा, मग हिंग, मिरची, शेवटी हळद. सुकी मिरची आचेवर जळली तर धूर थोडा पण ठसका सगळ्या घराला. अलार्म वाजलाच तर खिडकी उघडून अलार्मच्या खाली टॉवेल हलवा. अलार्मवर प्लास्टिक बांधून ठेवायचं तर मनातही आणू नका. ते घरातल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळणं आहे आणि बऱ्याच ठिकाणी बेकायदाही.

इमारतीतला फ्लॅट असेल तर आणखी एक मोलाची गोष्ट: धूर घालवायला फ्लॅटचं मुख्य दार जिन्याकडे उघडू नका. कित्येक इमारतींत जिन्यातला अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. तो वाजला की बंब येतो, आणि खोट्या फेरीचं बिल काही ठिकाणी हजार डॉलरच्या वर जाऊन घरातल्यांवर पडतं. खिडक्या उघडा, दार बंदच ठेवा.

मासळी तव्यावर तळण्यापेक्षा ओव्हनमध्ये भाजलेली बरी. विसवणाच्या तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, आमसुलाचं आगळ लावून रवा थापा, वरून चमचाभर तेल, २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. वास निम्म्याहून कमी, आणि तेल उडत नाही. डोकी-काटे कचऱ्याच्या डब्यात टाकले की तिसऱ्या दिवशी घरात भांडण ठरलेलं, कारण कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा, कुठे पंधरवड्यातून एकदा येते. ते कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि गाडी यायच्या आदल्या रात्री बाहेर टाका. घरसोबत्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

खोबरेल तेल मोरीत ओतू नका. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं. गोव्यात नळाचं पाणीच कोमट, म्हणून आपल्याला हे कधी जाणवत नाही. थंड देशात ते पाइपात साखळतं, त्यात भाताची शितं अडकतात, आणि प्लंबरचं बिल तुमच्या नावावर लागतं. कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा.

हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला की लगेच पुसा. राहिलाच तर खायच्या सोड्याचा पातळ लेप पंधरा-वीस मिनिटं लावून हलक्या हाताने पुसा. प्लास्टिकचे डाव, डबे पिवळे झाले तर उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

कुकर नेणार असाल तर तळाला लोहचुंबक चिकटतं का पाहा. इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियम तापत नाही, आणि गोल बुडाची कढई काचेच्या शेगडीवर निरुपयोगी. मिक्सर चालतो, वीज तिकडेही २३० व्होल्टच्याच आसपास आहे. फक्त पिना तिरप्या चपट्या, तेव्हा त्या देशाचा जोड न्या.

खोलीत बुरशी आली आहे. थंडी वाजते म्हणून खिडक्या गच्च बंद ठेवतो, तरी भिंती ओल्याच. गोव्यातल्या पावसाळ्यासारखं झालंय. (साखळीचा मुलगा, सध्या वेलिंग्टन)

गोव्यातल्या पावसाळ्यासारखं दिसतं, पण कारण नेमकं उलट आहे, म्हणून आपला उपायही उलटा पडतो.

आषाढात आपल्याकडे बाहेरची हवाच ओलसर असते. ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरला २७ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. ती आत येऊ नये म्हणून आपण दारं लावून घेतो, ते बरोबरच. वेलिंग्टनच्या थंडीत ५ अंशांची हवा पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात जास्तीत जास्त ७ ग्रॅमच पाणी मावतं. ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची धरण्याची ताकद १७ ग्रॅम होते, म्हणजे ती कोरडी होते आणि ओल शोषून घेते. पाणी तुमच्या खोलीतच तयार होतंय. झोपलेला माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास बाष्प सोडतो. खोलीत वाळत घातलेल्या एका धुण्यातून साधारण २ लिटर. आणि चिमणी नसलेला फिरता गॅस हीटर वापरत असाल तर १ किलो गॅस जळून दीड किलोहून जास्त पाणी हवेत जातं. तो हीटर आजच बंद करा. तो बंद खोलीत विषारी वायूही सोडतो.

सकाळ-संध्याकाळ १०-१५ मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती थंड होत नाहीत. दिवसभर बोटभर फट ठेवण्याने उलट भिंत थंड पडते आणि ओल तिथेच धरते. सकाळी काचेवरचं पाणी कापडाने पुसून कापड बाहेर पिळा. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर सरकवा. पाठपिशवी जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवू नका, तिची पाठ पहिली बुरसटते. कपडे बाहेर दोरीवर किंवा ड्रायरमध्ये वाळवा.

आलेली बुरशी पांढऱ्या व्हिनेगरने पुसा. ब्लीच वापरत असाल तर व्हिनेगर जवळही आणू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो.

मालकालाही लिहा. न्यूझीलंडमध्ये १ जुलै २०२५ पासून भाड्याच्या सगळ्या घरांना ‘हेल्दी होम्स’ मानकं पाळावी लागतात, त्यांत मुख्य बैठकीची खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकणारा बसवलेला हीटर येतो. तो नसेल तर करारावर ज्याचं नाव आहे त्या घरसोबत्याकडून तक्रार करवा.

चौथ्या माणसाला रोज थंड पाणीच मिळतं. आणि लिस्बनला जाणाऱ्या भावाच्या खोलीच्या घरात गॅस गिझर आहे, तो ठीक ना? (मडगाव)

पहिल्याचं कारण टाकी. टाकीत पाणी ६० अंशांवर असतं. मिनिटाला ९ लिटरचा शॉवर १० मिनिटं चालला की ९० लिटर वापरलं जातं, त्यातलं ५० लिटर टाकीतलं. १६० लिटरची टाकी तिघांनंतर संपली. काही टाक्या स्वस्त विजेवर फक्त रात्री तापतात, मग दिवसभर हातावर हात. आंघोळी सकाळ-रात्र वाटून घ्या, शॉवर ५ मिनिटांचा ठेवा. बादली-तांब्याची आंघोळ शॉवरच्या टबातच करा. टबाबाहेरच्या जमिनीला मोरी नसते, पाणी लाद्यांखाली मुरतं आणि अनामतीतून कापलं जातं.

लिस्बनच्या जुन्या घरांत १३ किलोच्या सिलिंडरवरचे गॅस गिझर अजून बरेच आहेत. गिझर न्हाणीघरात असेल तर भावाने ती खोली घेऊ नये. स्वयंपाकघरात असेल तर धूर बाहेर नेणारी नळी जागेवर आहे का आणि खिडकीची झरोका-जाळी बुजवलेली नाही ना, हे पाहावं. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, ज्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीनंतर डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची पहिली खूण. बॅटरीवरचा शोधक अलार्म सोबत नेणं हा फार थोडा खर्च आहे.

मी महिनाभरच राहिलो, पण तीन महिन्यांच्या विजेच्या बिलाचा चौथा हिस्सा मागतात. (पेडणे)

देऊ नका, हिशेब मांडून दाखवा. बिल माणसांवर वाटायचं नाही, माणूस-दिवसांवर वाटायचं. समजा ९० दिवसांचं बिल ३६० डॉलर. तिघे ९० दिवस राहिले, म्हणजे २७०. तुम्ही ३०. एकूण ३०० माणूस-दिवस, दिवसाला १.२० डॉलर. तुमचे ३६, त्यांचे प्रत्येकी १०८. बेरीज ३६० येते, वाद उरत नाही. आलात त्या दिवशी आणि निघालात त्या दिवशी मीटरचा फोटो काढला असेल तर आणखी उत्तम. एखाद्याने रात्रभर खोलीतला हीटर चालवला असेल तर ते वेगळं बोलावं लागतं, आणि ते बिल येण्याआधी बोलावं.

हॉस्टेलमधून ढेकूण नव्या घरात जातील अशी भीती वाटते. (काणकोण)

भीती खरी आहे. नव्या खोलीत शिरताच पिशवी पलंगावर टाकू नका, न्हाणीघरात ठेवा. टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, उशालगतची फळी पाहा: शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग दिसले तर ढेकूण आहेत. सगळे कपडे थेट यंत्रात ६० अंशांवर धुवा, किंवा कोरडेच ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर अर्धा तास फिरवा. मारते ती उष्णता, साबण नव्हे. पाठपिशवी धुता येत नसेल तर मोठ्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. चावे दिसले तर लाजून गप्प राहू नका. त्याच दिवशी सांगितलं तर एक खोली साफ करावी लागते, महिन्याने सांगितलं तर सगळं घर.

घर साफ ठेवायचं, बागेत काम करायचं, बदल्यात खोली फुकट. पर्यटक व्हिसावर चालेल? (वाळपई)

नाही. न्यूझीलंडच्या नियमांत राहायला जागा मिळणं हाही कामाचा मोबदलाच धरतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या पर्यटक व्हिसावरही कामाला मनाई असते. ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही एका मालकाकडे साधारण ६ महिन्यांचीच मर्यादा आहे.

चतुर्थीला घरात गणपती, समई, धूप? (कुडचडे)

मूर्ती ठेवायला कोणाची हरकत नसते. समईबद्दल करार वाचा, कित्येक ठिकाणी उघड्या ज्योतीला मनाई असते. बॅटरीचा दिवा लावा. धूप-उदबत्ती अंगणात. नेवऱ्या मात्र जास्त करा, पाच जणांच्या घरात त्या पुरत नाहीत.

निघताना अनामत पूर्ण परत मिळायला काय करावं? (वास्को)

सूचना लेखी आणि वेळेत द्या. भाडेकरू कायद्याखालचा बेमुदत करार असेल तर न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंडमध्ये २१ दिवस, व्हिक्टोरियात २८ दिवस. आपापसातला करार असेल तर त्यात लिहिलेले दिवस. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे दिवस मोजा, मागाहून नाही.

खोली रिकामी केल्यावर पहिल्या दिवशीच्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा. ओव्हन, शॉवरची काच आणि खिडकीच्या पट्ट्या साफ करा, पैसे कापतात ते बहुधा या तीन ठिकाणांसाठी. किल्ल्या हातात दिल्याचा संदेश लिहून घ्या. अनामत परतीच्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, रक्कम भरलेली पाहूनच करा. आणि तिथलं बँक खातं निघायच्या दिवशी बंद करू नका. अनामत सहसा त्याच खात्यात येते, वाद झाला तर काही आठवड्यांनीही. पैसे जमा झाल्यावर ते घरी पाठवा, मग ॲपमधून किंवा ई-मेलने खातं बंद करायला सांगा.